मॅसॅकर नावाचे गाव

येत्या मे महिन्यात, सारे जमून आले तर, आम्ही उभयता डॉमिनिका नावाच्या बेटावरील एका खेड्यात बारा दिवस राहणार आहोत. वाक्य लिहायला सोपे गेले. त्यामागे चौदा महिन्यांची खटपट, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि आमची एक चूक आहे. खटपटीविषयी पुढे येईलच. चुकीविषयी आधी सांगितले पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा प्रवास आम्हाला सुचलाच नसता.

आम्ही दोघेही सांगलीत एम.ए.च्या वर्गाला मराठी शिकवतो. तौलनिक साहित्याभ्यासाच्या तासाला आम्ही बरीच वर्षे शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ (1847) आणि जीन ऱ्हीसची ‘वाइड सरगॅसो सी’ (1966) ही जोडी शिकवीत आलो. पहिल्या कादंबरीत माळ्यावर कोंडून ठेवलेली वेडी बायको आहे. दुसरीत तिचेच कॅरिबियन बेटांवरचे तरुणपण आहे. या दुसऱ्या कादंबरीत नवविवाहित जोडपे डोंगरातल्या घराकडे निघते आणि पावसामुळे वाटेवरच्या एका खेड्यात थांबते. खेड्याचे नाव मॅसॅकर, म्हणजे कत्तल. कत्तल कोणाची, असे नवरा विचारतो. त्याला धड उत्तर मिळत नाही. आम्ही वर्गात सांगत असू की, हे नाव म्हणजे लेखिकेने योजलेले प्रतीक आहे, संसाराच्या आरंभीच पेरलेली विनाशाची सूचना. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत पाने भरभरून लिहीत आणि आम्ही सढळ हाताने गुण देत असू.

12 जुलै 2023 रोजी डॉमिनिकाची राजधानी रोझो येथे भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामना सुरू झाला. मुंबईच्या आझाद मैदानावर घडलेल्या यशस्वी जैस्वालने पदार्पणातच 171 धावा काढल्या, अश्विनने बारा बळी घेतले, आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. आमच्याकडे सामना रात्रीचा. अधूनमधून कॅमेरा मैदान सोडून पाठीमागच्या डोंगरांवर जाई आणि आम्हाला उगाच आंबोलीची आठवण होई. दुसऱ्या रात्री एका विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. ‘‘सर, झोपला नाहीत ना? मी नकाशात ते मैदान शोधत होतो. त्याच्या वरच्या अंगाला, समुद्रकाठी, मॅसॅकर गाव दिसतंय. मॅडमना सांगा, ते खरंच आहे.’’

मुलाच्या स्वरात उपहास नव्हता, निव्वळ आनंद होता. त्यामुळे आम्हाला अधिकच लागले. एका माणसांच्या गावाला आम्ही इतकी वर्षे अलंकार म्हणून शिकवीत होतो.

मग जे आधी वाचायला हवे होते ते वाचले. सेंट किट्स बेटावर इंग्रजांची वसाहत स्थापणाऱ्या सर टॉमस वॉर्नरला डॉमिनिकातील एका कालिनागो स्त्रीपासून मुलगा झाला. कालिनागो म्हणजे या बेटांचे मूळ रहिवासी. युरोपियनांनी त्यांना कॅरिब म्हटले. मुलाचे नावही टॉमसच, पण सारे त्याला ‘इंडियन वॉर्नर’ म्हणत. (हे ‘इंडियन’ आपण नव्हे. कोलंबसाच्या भूगोलाचा भुर्दंड दोन्हीकडच्या लोकांना अजून भरावा लागतो.) बापाच्या मृत्यूनंतर तो आईच्या लोकांत परतला आणि त्यांचा पुढारी झाला; पुढे इंग्रजांनीच त्याला डॉमिनिकाचा उपराज्यपाल नेमले. 1674 साली त्याचा सावत्र भाऊ फिलिप वॉर्नर अँटिग्वाहून सैन्य घेऊन आला. मेजवानी झाली, मद्य वाटले गेले, आणि इंडियन वॉर्नर व त्याचे सोबती मारले गेले. कोणी वार केला, कोणाच्या हुकुमावरून, याविषयी साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळत नाहीत. फिलिपला लंडनच्या टॉवरमध्ये डांबले, बार्बाडोसमध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. जेथे हे घडले त्या खेड्याला ते नाव चिकटले आणि राहिले.

1674 हा आकडा मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन लवून उभा राहिला. एकाच देशाची माणसे एका किनाऱ्यावर नजराणा घेऊन उभी होती आणि दुसऱ्या किनाऱ्यावर भावाला जेवायला बोलावून ठार करीत होती. आम्ही यातून काही सिद्धान्त काढू इच्छित नाही. परंतु इतकी वर्षे एक 1674 पाठ असून दुसरे ठाऊक नसणे, हे आमच्या वाचनाविषयी काही सांगत होते खरे.

जायचे ठरले, आणि खटपटीला सुरुवात झाली. पहिल्या प्रवास कंपनीने उत्साहाने आराखडा पाठवला. समुद्रकिनाऱ्यावरील प्रशस्त हॉटेल, अमर्याद खाणेपिणे, मुक्काम पुंता काना! तो देश डॉमिनिकन प्रजासत्ताक. स्पॅनिश बोलणारा, निराळ्याच बेटावरचा. दोनदा समजावूनही तिसऱ्यांदा तोच आराखडा नव्या सवलतीसह आला, तेव्हा आम्ही नाद सोडला. नातलगांना मात्र डॉमिनिका ठाऊक निघाली: 2021 साली एक फरार हिरेव्यापारी तेथे पकडला गेला होता ना! ‘‘तुम्ही कोणाचे पैसे बुडवून चाललात?’’ हा विनोद आम्ही निदान आठ घरांत ऐकला.

भारतीय पासपोर्टला डॉमिनिकाचा व्हिसा लागत नाही. बेटाचे दार उघडे, अडचण अंगणाची. अमेरिकेतून जावे तर नुसते विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा हवा. लंडनवरून जावे तर तिथल्या पारगमनाचे कागद हवेत. शेवटी मुंबई, लंडन, बार्बाडोस आणि तेथून लहान विमान, असा मार्ग ठरला. विमानतळ बेटाच्या ईशान्येला आणि गाव पश्चिम किनाऱ्यावर. मधला डोंगर मोटारीने ओलांडायचा. अवघे 47 किलोमीटर लांबीचे बेट, पण सर्वोच्च शिखर 1447 मीटर. कळसूबाईहून थोडे ठेंगणे खरे. मात्र आपला कळसूबाई समुद्रापासून दूर, ऐसपैस उभा आहे. बेट कसे आहे, हे राजाला सांगताना कोलंबसाने कागदाचा चोळामोळा करून पुढे ठेवला, अशी दंतकथा तिथे सांगतात.

काळाचाही मेळ बसेना. दिवाळीच्या सुटीत 3 नोव्हेंबरचा त्यांचा स्वातंत्र्यदिन (1978 चा) साधता आला असता, पण वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. म्हणून मे.

राहायचे कोठे, हा प्रश्न राहिला. पर्यटक उकळते सरोवर आणि धबधबे पाहायला जातात. मॅसॅकरमध्ये मुक्काम करायला सहसा कोणी मागत नाही. बऱ्याच शोधानंतर एका बाईंचा पत्ता मिळाला. त्या घराचा वरचा मजला भाड्याने देतात. त्यांच्या पहिल्या ई-पत्रात दोनच प्रश्न होते: येथेच का, आणि गुडघे कसे आहेत? घरापर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत, असे त्यांनी खाली कळवले होते. आमच्यापैकी जिच्या गुडघ्यावर गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली तिने पत्र पुन्हा वाचले आणि त्याच संध्याकाळपासून गणपती घाटाच्या पायऱ्या चढउतर करायला सुरुवात केली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मात्र आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, सरळ लिहावे: तुमच्या गावाच्या नावामुळे येत आहोत. दुसरीचे म्हणणे, कोणी आपल्या दारी येऊन ‘तुमच्याकडच्या कत्तलीसाठी आलो’ म्हटले तर आपण त्याला चहा देऊ का? तीन दिवस पत्र गेले नाही. अखेर तिने लिहिले की, आम्ही शिक्षक आहोत, तुमच्या गावाविषयी वर्गात चुकीचे शिकवले आहे, आणि ते गाव पाहायची इच्छा आहे.

उत्तर लांबलचक आले. कत्तलीविषयी त्यात एक ओळ होती: शाळेत शिकवतात, पण तुम्हाला हवे तर एका वृद्ध गृहस्थांकडे नेईन. बाकी सारे 18 सप्टेंबर 2017 च्या रात्रीविषयी होते. मारिया वादळाने त्यांचे छप्पर उचलून नेले, चौघे जण न्हाणीघरात पाठीला पाठ लावून बसले, सकाळी दार उघडले तर समोरच्या हिरव्या डोंगराला एक पान उरले नव्हते, जळाल्यासारखा तपकिरी. आता छप्पर नवे आहे, घाबरू नका, असे शेवटी होते. आम्ही त्यांना 2019 च्या ऑगस्टमधली सांगली कळवली: कृष्णेचे पाणी, तळमजल्यावरची पुस्तकांची कपाटे, गच्चीवर काढलेल्या रात्री. त्यानंतर पत्रे भाड्याविषयी फारशी राहिली नाहीत. पुस्तके वाळवली कशी, हे त्यांनी सविस्तर विचारले.

कादंबरीतले डोंगरावरचे घर शोधायचा विचारही आहे. ऱ्हीस रोझोत जन्मली. तिच्या वडिलांची छोटी जमीन मॅसॅकरच्या वरच्या डोंगरात होती. सोळाव्या वर्षी ती इंग्लंडला गेली आणि त्यानंतर एकदाच, 1936 साली, बेटावर आली. त्या जमिनीवर आता काय आहे, हे बाईंना विचारले. त्या म्हणतात, वर रताळी आणि केळी आहेत, तुम्हाला चढवले तर दाखवीन.

यंदाच्या वर्गात आम्ही ते टिपण दुरुस्त करून शिकवले. ज्या मुलाने रात्री दूरध्वनी केला होता तो आता कवठेमहांकाळला एका पतसंस्थेत लागला आहे. त्याने आमच्याबरोबर एक वस्तू पाठवायची ठरवली आहे: जैस्वालच्या त्या शतकाच्या बातमीचे मराठी वर्तमानपत्रातले कात्रण, प्लॅस्टिकमध्ये मढवून. बाईंच्या नातवाला क्रिकेट आवडते, असे आम्हीच त्याला सांगितले होते. लंडनच्या कागदांची तारीख पुढल्या मंगळवारी आहे. घाटावर कालपर्यंत नव्वद पायऱ्या न थांबता झाल्या.