गुरुवारच्या लाल फुल्या

धाकट्या भावाला र्‍हुमॅटिक फीवर झाला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. साल १९८१. हृदयाच्या एका झडपेला इजा झालेली. घशातले जंतू परत आले तर झडप आणखी बिघडणार, म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि सहा महिन्यांनी परळला केईएममध्ये तपासणी.

कराडच्या आमच्या स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’ टांगलेलं असायचं. आई त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारायची. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे फुली कायम गुरुवारीच. डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की ती आधी वर्षभराच्या फुल्या मारून घ्यायची. सणवार नंतर बघायची. मुंबईच्या तारखेभोवती गोल. त्याच्या आदल्या रात्री एसटी, पिशवीत दशम्या, केसपेपर आणि एक्स-रे. एका जुलैत पिशवी भिजली, केसपेपरवरची शाई पसरली. तेव्हापासून डॉक्टर काय म्हणाले, कोणती गोळी वाढवली, पुढच्या वेळी काय विचारायचं, हे सगळं ती शंभरपानी वहीत लिहू लागली. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण वहीत ‘पेनिसिलिन’ कधी चुकलं नाही.

एकदा आई टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती आणि बाबा फिरतीवर. चतुर्थीचा चंद्रोदय बघायला आलेल्या शेजारच्या काकूंना फुली दिसली. ‘अगं, आज गुरुवार ना?’ म्हणत त्या स्वतःच भावाला दवाखान्यात घेऊन गेल्या. आधी दंडावर टेस्ट, मग कमरेत सुई. तो रडला नाही म्हणून परतताना त्याला पेढा मिळाला.

माझा नातू गेल्या वर्षी पुण्यात एकतिसाव्या आठवड्यात जन्मला. त्याच्या तारखा भावाच्या कितीतरी पट. डोळे, कान, हृदयाचा इको, वजन, फिजिओथेरपी. सूनबाईंच्या फोनमध्ये प्रत्येकाला वेगळा रंग. रिपोर्ट हातातल्या हातात मिळतात, रात्रीची एसटी नाही, शाई पसरण्याची भीती नाही. आईला हे मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण त्या तारखा घरात फक्त सूनबाईंनाच ठाऊक होत्या. डोळ्यांच्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी रात्रभराच्या जागरणाने त्या गाढ झोपल्या होत्या, फोन मुका होता, मुलगा परगावी होता. मी बाहेरच्या खोलीत रिकामी बसले होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांनी गेलो. डोळे ठीक होते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या, तर लेझरचा उपचार दोन-तीन दिवसांतच करावा लागतो, हे डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं. ऐकून माझे हातपाय गार पडले.

संध्याकाळी मीच कॅलेंडर आणून स्वयंपाकघरात टांगलं. फोनमधल्या तारखा सूनबाई सांगत गेल्या, मी फुल्या मारत गेले. आता कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा विचारतात, ‘आज बाळाचा कान आहे ना?’

तुमच्या घरी बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा दोन किलोहून कमी वजनाचं असेल, तर त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यातून घरी आणतानाच ती तारीख मागून घ्या. फोनमध्ये टाका, आणि सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवरही लिहा.