नवा कॅमेरा घ्यावा का?



गेली २८ वर्षे मी कृषी विस्ताराच्या कामात आहे. पिशवीत डायरी, भिंग आणि कॅमेरा नेहमी असतात. रोगट पान दिसले की फोटो काढायचा आणि शंका असेल तर तज्ज्ञांकडे पाठवायचा, हा माझा शिरस्ता. कॅमेरा १२ मेगापिक्सलचा, आता बराच जुना झालेला. यंदा मनात आले, नवा घ्यावा; फोटो सुधारायचे सॉफ्टवेअरही नवे घ्यावे.

दुकानात चौकशी केली. मोठा ट्रॅक्टर घेतला की अवजारेही मोठी लागतात, तसाच हा प्रकार निघाला. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला उघडत नाही. नवे सॉफ्टवेअर जुन्या संगणकाला पेलत नाही, शिवाय त्याची वर्गणी दरसाल भरायची.

रात्री हिशेब मांडून बसलो तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "जुन्या कॅमेऱ्यानं अडलं कुठं, ते आधी सांगा."

आठवून पाहिले. अडलेले एकच प्रकरण आठवले, आणि त्यात दोष कॅमेऱ्याचा नव्हता.

एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची शेंड्याकडची पाने पिवळी पडली होती. लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक, अशी मला शंका होती. लोह कमी पडले तर कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पिवळे चट्टे वेडेवाकडे असतात. मी फोटो काढला. सभेतही दाखवता येईल म्हणून संगणकावर त्याचा रंग खुलवला आणि तोच तज्ज्ञांकडे पाठवला. पिवळेपणा त्यात झाकला गेला होता. उत्तर आले, लक्षणे ठळक नाहीत, वाट पाहा. आठ-दहा दिवस असेच गेले. पुढे हिराकसाची फवारणी केली, पण तोवर पिकाचे नुकसान झाले होते. शेतकरी एवढेच म्हणाला, "साहेब, पान तर पिवळंच होतं की!"

तेव्हा मी ठरवले, नवा कॅमेरा नको. ए-फोर कागदावर चांगला फोटो छापायला सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. माझ्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख आहेत. बारीक किडीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरले की भागते. फोटो कापायला आणि लहान करायला जिम्प हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते.

गावात लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या मुलांचा हिशेब वेगळा. मांडवातल्या अंधुक उजेडात जुना कॅमेरा खरोखरच अडत असेल आणि नव्याचा खर्च दोन हंगामांत निघत असेल, तर त्यांनी जरूर घ्यावा.

तुम्हीही आता मोबाइलवर पिकाचे फोटो पाठवता. एवढे करा: फोटो दिवसाउजेडी, सावलीत काढा. आधी पूर्ण झाड, मग पानाच्या दोन्ही बाजू. शेजारी पांढरा कागद ठेवा म्हणजे रंग खरा कळतो, आणि एक नाणे ठेवा म्हणजे आकार कळतो. रंगाला मात्र हात लावू नका.

पेरणी झाली की त्या शेतकऱ्याच्या बांधावर मी पुन्हा जाणार आहे, जुनाच कॅमेरा घेऊन. या खेपेस फोटो जसा निघेल तसाच पाठवीन.