शेजारच्या फ्रेम

फिल्मच्या जमान्यात रोल धुऊन झाला की पहिलं काम कॉन्टॅक्ट शीट काढायचं. निगेटिव्हच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या, आठ बाय दहाच्या कागदावर एकाखाली एक मांडायच्या, वर काच ठेवायची आणि एन्लार्जरचा दिवा काही सेकंद लावायचा. अख्खा रोल एका कागदावर उतरायचा, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. मग भिंग डोळ्याला लावून एखाद-दुसऱ्या फ्रेमभोवती लाल पेन्सिलीनं चौकट करायची. चौकटीतल्या फ्रेमचा मोठा प्रिंट व्हायचा आणि तो मासिकात किंवा प्रदर्शनात जायचा. बाकीच्या तिथंच राहायच्या.

प्रवासातले आवडते फोटो दाखवा असं कुणी म्हटलं, की मी भिंतीवरचे प्रिंट दाखवतो. स्वतःसाठी मात्र जुनी शीटंच काढून बसतो. आठवण म्हणाल तर ती लाल चौकटीत क्वचितच सापडते. ती असते तिच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या फ्रेममध्ये. ती फ्रेम हललेली असते, कडेला कापलेली असते, नाहीतर कुणाचं तरी डोकं मध्ये आलेलं असतं.

हंपीचंच घ्या. तिथं मातंग टेकडीवरचा सूर्योदय, विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, तुंगभद्रेतल्या गोल टोपल्यासारख्या होड्या हे सगळे टिपतात, मीही टिपलं. पण फोटोग्राफरनं हंपीत चुकवू नये अशी जागा आहे ती विरुपाक्ष मंदिरात, मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या खोलीत. भिंतीत एक लहानसं भोक आहे. पूर्वेकडच्या नऊ मजली गोपुराकडून येणारा उजेड त्यातून आत शिरतो आणि समोरच्या भिंतीवर ते जवळपास पन्नास मीटर उंचीचं गोपूर चक्क उलटं उमटतं. कळस खाली, पाया वर. उजेड सरळ रेषेत जातो, म्हणून वरून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो. तत्त्व एवढंच. कॅमेरा नावाची वस्तू जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ही खोली कॅमेऱ्याचं काम करत उभी आहे. आत जाताना मी चप्पल काढली होती ती देवासाठी, पण ती खोली बघून वाटलं, इथंही काढायलाच हवी होती.

माझ्याकडे चारशे स्पीडची कृष्णधवल फिल्म होती. स्टँड नव्हता, म्हणून खांद्यानं भिंत धरली आणि श्वास रोखून अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. त्या रोलमधल्या ज्या फ्रेमभोवती लाल चौकट आहे तिच्यात एका बाईचा तळहात दिसतो. मनगटात भरलेल्या काचेच्या बांगड्या, आणि तळहातावर उलट्या गोपुराचं टोक. तो प्रिंट बघून लोक मला विचारतात, ही कल्पना कशी सुचली? मला काहीही सुचलेलं नव्हतं. आधीच्या फ्रेम बघितल्या की सगळा प्रकार समजतो. पहिल्या फ्रेममध्ये नुसती भिंत आहे. दुसरीत कडेनं एक हात आलाय, तो हललाय. अक्कलकोटकडचं एक कुटुंब माझ्या मागोमाग आत आलं होतं. त्यातली सून भिंतीवरचा कळस चिमटीत धरायला बघत होती. सासूबाई मागून, अर्ध्या कानडीत अर्ध्या मराठीत, ‘देवळाला असा हात लावू नये ग’ म्हणून दटावत होत्या. तिसऱ्या फ्रेममध्ये त्या सासूबाईंच्या पदराचा एक पांढुरका फराटा उमटलाय. चौथी फ्रेम चौकटीतली. आणि पाचवीत हात आहे, पण सुरकुतलेला. त्यात बांगड्या दोनच आहेत. सासूबाईंनी सुनेला बाजूला सारून स्वतःचा हात पुढं केला होता. ही पाचवी फ्रेम इतकी हललीय की तिचा प्रिंट निघणार नाही. हंपी म्हटलं की मला मात्र तीच आठवते.

हे माझ्यासारख्याच्याच बाबतीत होतं असं नाही. स्टीव्ह मॅकरीनं १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो ठाऊक नाही असा माणूस विरळा. जून १९८५च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगभर गेला. शरबत गुला हे तिचं नाव जगाला कळायला २००२ साल उजाडावं लागलं. त्याच बैठकीतला दुसरा एक फोटो आहे. त्यात तिनं शालीनं अर्धा चेहरा झाकून घेतलाय, नुसते डोळे दिसतात. मुखपृष्ठावरची फ्रेम जास्त बळकट आहे, संपादकानं निवडली ती बरोबरच. पण परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मुलीला काय वाटत असेल, ते ती झाकलेल्या चेहऱ्याची फ्रेम जास्त सांगते, असं माझं मत आहे.

स्पितीतल्या की गोंपाचा माझा फोटो दोनदा कॅलेंडरवर आला. समोरच्या चढावरच्या ज्या वळणावरून सगळे काढतात, तिथूनच मीही काढला. तंत्राच्या दृष्टीनं त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण ४,००० मीटरच्या वर थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून दुसरी स्वेटरच्या आतल्या खिशात छातीशी धरून ऊबेत ठेवली होती, यापलीकडे मला त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. शेजारच्या फ्रेमही तशाच, एकीसारखी दुसरी. असे फोटो विकावेत, त्यांच्यावर जीव लावू नये.

जेजुरीचं तसं नाही. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा भंडाऱ्याच्या उधळणीत समोरचा माणूस दिसत नाही. त्यात उधळलेलं खोबरंही अंगावर येतं. तिथं जाताना एकच लेन्स लावायची, ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची आणि काही झालं तरी गर्दीत बदलायची नाही. हळदीची भुकटी एकदा आत शिरली की झूमची रिंग कुरकुरायला लागते. शिवाय हळदीचा पिवळा रंग डिजिटलमध्ये फार लवकर करपतो. हिस्टोग्राममधली लाल रेघ आधी उजव्या कडेला जाऊन आपटते आणि सगळा तपशील जाऊन नुसता सपाट पिवळा पट्टा उरतो. म्हणून मी एक्स्पोजर थोडं दाबून ठेवतो. चेहरे काळपट येतात, ते नंतर उचलता येतात. गेलेली हळद परत येत नाही.

तिथला माझा आवडता फोटो बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचा. डोळे गच्च मिटलेले, पापण्यांवर भंडारा साचलेला, तोंड उघडं. ‘येळकोट येळकोट’ म्हणतोय असं सगळ्यांना वाटतं. पुढच्या फ्रेममध्ये तो शिंकलाय. त्याच्या पुढची नुसती पिवळी, कारण भंडाऱ्याची अख्खी मूठ माझ्या लेन्सवर आली. आणि त्यानंतरच्या फ्रेममध्ये लुगड्याच्या पदराची वीण आहे, इतकी जवळून की धागे मोजावेत. पोराची आजी लेन्स पुसत होती आणि माझं बोट बटणावरच होतं. ‘पूजाच झाली की ओ दादा तुमच्या कॅमेऱ्याची’, ती म्हणाली. पदरानं लेन्स पुसणं म्हणजे काचेवरच्या लेपाची वाट लागणं, हे त्या क्षणी तिला सांगायची माझी काय बिशाद! त्या लेन्सवर आजही बारीक ओरखडे आहेत. ती मी विकली नाही.

आता कॅमेऱ्याच्या पाठीवरच फोटो दिसतो, त्यामुळे शेजारच्या फ्रेम फार दिवस जगत नाहीत. दिवसभर हिंडून आलेला माणूस रात्री लॉजच्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या अंगठ्यानं पटापट फोटो उडवत असतो. मोबाइलवर तर फोटो काढल्याबरोबर उडतो. हललेला, उडव. मध्ये कुणी आलं, उडव. जागा कमी पडते हे कारण आता पटण्यासारखं राहिलेलं नाही. कार्डं स्वस्त झालीत, हार्ड डिस्कही.

तेव्हा एवढं करा. प्रवासात असताना काही उडवू नका. घरी आल्यावर सगळं जसंच्या तसं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा आणि निवड निदान महिन्याभरानं करा. आवडत्या फोटोचा कागदावर प्रिंट काढा, त्याच्या मागच्या-पुढच्या दोन फ्रेमचेही छोटे प्रिंट काढून एकाच पाकिटात ठेवा. पाठीमागं मऊ पेन्सिलीनं गाव, तारीख आणि माणसांची नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूनं उमटतो. आणि ज्यांचा फोटो काढलात त्यांचा पत्ता पिनकोडसकट तिथंच मागून घ्या. एक प्रिंट त्यांनाही टपालानं जाऊ द्या.