आठ सिलिंडरांचा आंबा

नवी गाडी दिसली की मराठी माणूस आधी तिच्या टायरला हळूच लाथ मारतो आणि मग विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" कितीला पडली हे तो विचारत नाही, कारण ते त्यानं मनातल्या मनात आधीच काढलेलं असतं. मी तर बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. माझी स्कूटर ११० सीसीची, लिटरला ४५ देते. ४४ दिले तर मला रात्री झोप लागत नाही.

अशा माणसावर ताईनं कामगिरी सोपवली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, रत्नागिरीला दिलेली. तिचा मुलगा अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी असतो. गेल्या नोव्हेंबरात साठवलेली सगळी रजा मोडून, भाच्यानं पाठवलेल्या तिकिटावर मी सहा आठवड्यांसाठी तिकडे निघालो. ताईनं दोन बॅगा भरून दिल्या, दोन्ही काट्यावर बरोबर २३ किलो. तिसरं ओझं तोंडी होतं.

"त्याला ती गाडी विकायला लाव. मार्चमध्ये पाळणा हलणार घरात, आणि हा सगळा पगार त्या इंजिनात ओततोय! माझं ऐकत नाही. तू मामा आहेस, बँकेतला आहेस. हिशेब दाखव त्याला."

गाडी मी फोटोत पाहिली होती. ती ज्या जातीची, त्या जातीला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. कृती सोपी आहे. मध्यम आकाराची दोन दारांची गाडी घ्यायची, तिच्यात तिच्या ऐपतीबाहेरचं इंजिन कोंबायचं आणि बाजूला उभं राहायचं. १९६४ साली ‘पाँटिॲक जीटीओ’त ३८९ घनइंची इंजिन बसवलं, तिथून ही जात सुरू झाली असं धरतात. दहा वर्षं चैन चालली. मग विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे आले, १९७३ साली अरबांनी तेल रोखलं, आणि अमेरिकन माणसाच्या तोंडून बहुधा आयुष्यात पहिल्यांदा आपला प्रश्न बाहेर पडला: ॲव्हरेज किती देते? भाच्याच्या दारातली गाडी डॉज कंपनीची ‘चॅलेंजर’. १९७० साली निघाली, १९७४ साली बंद पडली, २००८ साली पुन्हा निघाली आणि २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा बंद झाली. ही अस्सल अमेरिकन गाडी दुसऱ्या जन्मात कॅनडातल्या ब्रॅम्प्टन गावी तयार होत असे. असू दे. दुकानातल्या सगळ्याच कोल्हापुरी चपला तरी कुठे कोल्हापुरात होतात?

विमानतळावर भाचा तीच गाडी घेऊन आला. का, तर तिची डिकी मोठी. रंग केशरी, आणि त्या रंगाचं नाव कंपनीनंच ‘गो मँगो’ असं ठेवलेलं. मी नीट निरखून पाहिलं. ताईच्या सासरची आंब्याची बाग मी पाहिलेली आहे. हा हापूस देवगडचाही नव्हता आणि रत्नागिरीचाही नव्हता. पेटीवर देवगड लिहून विकतात त्यातला होता. लांबी साडेसोळा फूट. आमच्या घरातला हॉल चौदा फुटांचा, म्हणजे गाडी हॉलमध्ये लावली तर नाक स्वयंपाकघरात जाईल आणि ओट्यावरचं दूध उतू जातंय का ते बघेल. इंजिन ६.४ लिटरचं. मी विमानातून अर्धवट झोपेत उतरलेलो, तरी भागाकार झालाच: माझ्यासारख्या ५८ स्कूटरी. ताकद ४८५ घोडे.

"आणि ॲव्हरेज?"

"गावात गॅलनला १५ मैल, हायवेला २४," भाचा म्हणाला. म्हणजे लिटरला गावात ६.४ किलोमीटर आणि हायवेला १०. इतकं बोलून तो गप्प बसला. मला वाटलं, शरमला.

घरी पोचल्यावर मी कागद घेतला. डेबिटच्या बाजूला पेट्रोल आलं, तेही साधं नव्हे, कंपनी सांगते म्हणून ९१ ऑक्टेनचं महागातलं. मग मिशिगनचा मोटार विमा, जो अख्ख्या अमेरिकेत महागांपैकी गणला जातो. मग टायरचे दोन संच, कारण उन्हाळी टायरचं रबर थंडीत दगड होतं आणि नोव्हेंबरात बर्फाचे टायर चढवावे लागतात. क्रेडिटच्या बाजूला काय लिहावं ते सुचेना. "डिकी मोठी" असं लिहिलं आणि झोपलो.

सोमवारी पहाटे सहाला एकदम जाग आली. ढोलताशाचं पथक गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं आहे, अजून वाजवायला सुरुवात व्हायची आहे, पण एकानं सहज टिपरू टेकवून पाहिलं, असा तो घुमारा होता. थंड इंजिन सुरू झालं की धूर स्वच्छ करणारं यंत्र तापेपर्यंत ते मुद्दामच जोरात फिरतं, हे मला नंतर कळलं. शाल गुंडाळून मी बाहेर आलो. गाडी मागे येत होती. आत सूनबाई! सहाव्या महिन्याचं पोट, पट्टा त्याच्या खालून नीट घेतलेला, अंगात जाड कोट, आणि एका हातानं ती ते धूड असं वळवत होती की जणू पोळपाटावर पोळी फिरवतेय.

मागे वळून पाहिलं तर भाचा दारात दात घासत उभा.

"तुझी गाडी ती घेऊन गेली?"

"मामा, गाडी तिचीच आहे. माझी ती," असं म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या राखाडी, चार दारांच्या, लिटरला पंधरा देणाऱ्या गरीब गाडीकडे ब्रश केला. "आईला सांगू नकोस."

म्हणजे वर्षभर शिव्या खात होता हा, आणि गाडी चालवत होती ती!

कारण विचारायची गरज नव्हती. त्याचं लग्न ठरलं तेव्हाचं बोलणं मी ऐकलेलं आहे. सूनबाई कराडची, इंजिनिअर, पण वडील एस.टी.त ड्रायव्हर. ताई मनानं वाईट नाही. पण "शेवटी ड्रायव्हरची मुलगी" हे तीन शब्द त्या वेळी स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत आले होते. आता गाडी सुनेची आहे असं कळलं तर तेच तीन शब्द रत्नागिरीहून नोव्हायपर्यंत यायला वेळ लागला नसता. भाच्यानं ते मधल्यामध्ये अडवले होते, स्वतःच्या नावावर. क्रॉस केलेला चेक तिसऱ्यानंच आपल्या खात्यात भरावा तसा प्रकार. बँकेत चालत नाही. घरात चालतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी सूनबाईबरोबर फिरलो. तिची कचेरी वॉरेनला, घरापासून सुमारे ३० मैलांवर. जाताना ती मला वाटेतल्या एका वाचनालयाशी सोडायची. मसल कार रोजची म्हणून वापरणं म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं. मुख्यतः थांबणं. वसाहतीत २५ मैलांची मर्यादा. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून उभी राहिली की कायद्यानं दोन्ही बाजूंची रहदारी थांबते, आणि एक लहान मुलगा बुटाची लेस बांधत, आईला टाटा करत, विसरलेला डबा आणायला परत जात बसमध्ये चढेपर्यंत ४८५ घोडे जागच्या जागी पाय आपटत राहतात. ही गाडी साडेचार सेकंदांच्या आसपास ६० मैलांचा वेग गाठते. तेवढ्या वेळात आमच्या काउंटरवर नोटांच्या पुडक्याचा रबर बँड निघत नाही. पण तो पराक्रम बघायची संधी महिन्यातून एकदा, हायवेला लागतानाच्या उतारावर, आणि तीसुद्धा पुढे ट्रक नसला तर. एरवी हिंदकेसरीला कोथिंबीर आणायला पाठवावं तसं तिचं चाललेलं असतं.

त्यातून हायवेवर एका लयीत चाललं की आठपैकी चार सिलिंडर चक्क झोपतात. पेट्रोल वाचावं म्हणून कंपनीनंच केलेली सोय आहे. चौघे राबतात, चौघे डुलक्या काढतात, बाहेरच्या माणसाला पत्ता लागत नाही. ही योजना आमच्या शाखेत फार वर्षांपासून आहे. फरक एवढाच, की तिकडे पाय दाबला की ते चौघे उठतात.

एकदा मी तिला विचारलं, "अगं, पण हीच का?"

ती हसली. "मामा, ऑफिसात मी दिवसभर विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या गार कशा ठेवायच्या ते बघते. छान काम आहे. पुढे सगळं तेच होणार. पण त्यांना आवाज नाही." मग जरा वेळानं, पुढच्या गाडीवरची नजर न हलवता, "लहानपणी सुट्टीत बाबा मला चिपळूणच्या गाडीला न्यायचे. मी त्यांच्या शेजारी बॉनेटवर बसायचे, खाली गोधडी घालून. कुंभार्ली घाटात गिअर बदलला की पोटात कळायचं."

१९९० च्या सुमाराची एस.टी. आणि २०२३ ची चॅलेंजर यांत साम्य आहे असं डॉज कंपनीला कुणी सांगितलं तर ती आनंदेल असं वाटत नाही. पण त्याच कंपनीनं २०२४ साली विजेवरची मसल कार काढली तेव्हा आवाज स्पीकरमधून सोडायची व्यवस्था केली. गणपतीपुढे कॅसेटवर आरती लावतात, तसं. म्हणजे पोटात कळण्याचं महत्त्व त्यांनाही माहीत असावं.

डिसेंबरात बर्फ पडलं. या गाडीचं वजन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे बर्फात तिची शेपटी हलते. उपाय म्हणून डिकीत वाळूची पिशवी टाकतात. शेजारचे म्हातारबुवा, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वतःहून ६० पौंडांची पिशवी घेऊन आले. पहाटे सहाला तेही रोज व्हरांड्यात उभे असत. मी भीत भीत विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? म्हणाले, ही मुलगी मध्यंतरी दोन आठवडे भारतात गेली होती, तेव्हा झाला. त्यांच्याकडे १९७० ची चॅलेंजर होती. मुलं झाल्यावर विकली. कितीला, ते आकड्यासकट सांगितलं, पन्नास वर्षांनी. असा खातेदार मी पाहिला नव्हता.

मग पाळण्याचा प्रयोग झाला. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची असते. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून, स्वतः तिप्पट वाकून, ती खुर्ची आत न्यायची म्हणजे कपाटामागे पडलेला रुपया काढण्यासारखं आहे. भाचा अर्धा आत, अर्धा बाहेर. बाळ म्हणून ताईनं दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी. पट्टा बसला, पिशवी समाधानी दिसली. पण मग पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की भाच्याचे गुडघे थेट कानांना लागले. सूनबाई बाहेर उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "खुर्ची तुझ्या गाडीत लाव. ही माझी ऑफिसला." आणि पिठाची पिशवी काढून घरात घेऊन गेली. रात्री पिठलं झालं.

निघायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. कागद माझ्यासमोर होता. डेबिटची बाजू गच्च भरलेली, एक आकडा खोटा नाही.

"बोललास का त्याच्याशी?"

"बोललो. बाळासाठी दुसरी गाडी आहे, चार दारांची. खुर्ची बसवली तीत."

"आणि ती केशरी?"

"ती आहे."

"म्हणजे ऐकलं नाहीच!" ताईनं सुस्कारा टाकला. "बरं, निदान त्याला एवढं सांग, या दिवसांत सूनबाईला त्या गाडीत बसवू नको म्हणावं."

"ताई," मी म्हणालो, "ती त्या गाडीत नुसती बसत नाही गं."

"बरं झालं बाई," ताई म्हणाली आणि बॅगांना कुलपं लावलीस का ते विचारू लागली.