तांबडी मोटार

माणसाचा जीव कशात गुंतेल, याचा काही नेम नाही. कुणी पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडतो, कुणी जुनी नाणी जमवितो, तर कुणी गडकोट चढता चढता म्हातारा होतो. मी सारा जन्म शाळेत मराठी शिकविले आणि शाळेत जाण्यायेण्यासाठी सायकल वापरली. परंतु माझा जीव गुंतला तो मात्र जुन्या स्पोर्ट्स मोटारींत. ज्या मोटारीची किंमत विचारण्याचीही आपली ऐपत नाही, तिच्यावर प्रेम करून काय साधते, असे माझे स्नेही मला विचारतात. त्यांना मी माझ्या बालपणीच्या तांबड्या मोटारीची हकीकत सांगतो.

माझे बालपण मिरजेत गेले. मिरज हे वैद्यांचे गाव, तसेच वाद्यांचे गाव. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात येथे सतारी आणि तंबोरे घडविण्यास आरंभ केला आणि त्यांची कीर्ती देशभर पसरली. आमच्या आळीच्या टोकाला एका वृद्ध डॉक्टरांचे घर होते. त्यांच्या अंगणात, कडुनिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या छपरात, ती मोटार उभी असे.

ती एमजी कंपनीची टीसी जातीची मोटार होती. १९४७ साली इंग्लंडात तयार झालेली, आणि डॉक्टरसाहेबांनी पुढे मुंबईस एका साहेबाकडून विकत घेतलेली. तशी मोटार मी तोवर पाहिली नव्हती. रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारी गुबगुबीत. ही मात्र लांब पायांच्या हरणासारखी सडपातळ. बसायला जागा फक्त दोघांना. तारांच्या आऱ्यांची उंच, बारीक चाके. दोन्ही बाजूंना पाखराच्या पंखांसारखे उघडणारे इंजिनाचे झाकण. समोरची काच हवी तेव्हा पुढे आडवी पाडता येई, म्हणजे वारा थेट तोंडावर यावा! ओझे वाहण्यासाठी किंवा साऱ्या कुटुंबाला नेण्यासाठी ही मोटार नव्हतीच. चालविणाऱ्याला रस्ता, वारा आणि वळण यांचा आनंद मिळावा, एवढ्यासाठीच ती घडविलेली होती. स्पोर्ट्स मोटार म्हणतात ती हीच.

परंतु १९७० साली, मी अकरा वर्षांचा असताना, तिची दशा फार वाईट झाली होती. कित्येक पावसाळे तिने एका जागी उभे राहून काढले होते. टायर बसले होते, रंगाचे पोपडे निघाले होते, आसनाखाली मांजरीने पिले घातली होती. परदेशी सुटे भाग मिळणे त्या काळी दुरापास्त होते. डॉक्टरसाहेबांचे चिरंजीव पुण्यास असत. वडिलांना आपल्याकडे न्यावे आणि मोटार भंगारात काढावी, असे त्यांनी ठरविले. एके दिवशी भंगारवाला येऊन मोटारीला वळसा घालून तिच्या वजनाचा अंदाजही करून गेला. त्या वेळी डॉक्टरसाहेब ओसरीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत; नुसते मोटारीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उस्तादांना बोलावणे धाडले. उस्ताद म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावर मालमोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री. तरुणपणी त्यांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लेथवर काम केले होते आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्यांनी मोटारीचे झाकण उचलले, बराच वेळ आत न्याहाळले आणि म्हटले, "साहेब, मोडायला एक दुपार पुरते. जोडायला मला दिवाळीपर्यंत मुदत द्या." डॉक्टरसाहेबांनी चिरंजिवांना तसे पत्र घातले. दिवाळीपर्यंत मोटार चालू झाली तर ती आणि डॉक्टरसाहेब मिरजेतच राहतील. न झाली तर मोटार वजनावर जाईल आणि डॉक्टरसाहेब पुण्याला.

मी शाळा सुटली की धावत त्या अंगणात जाऊ लागलो. माझे वडील शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. माझे कपडे काळे झालेले पाहून ते रागावतील, अशी मला धास्ती होती. पण ते एवढेच म्हणाले, "जा खुशाल. मात्र तेथे जे पाहशील, ते रोज रात्री एक पानभर मराठीत लिहून मला दाखवायचे. न पाहिलेल्यालाही समजले पाहिजे." ही अट मला फार सोपी वाटली. पहिल्याच रात्री मी "उस्तादांनी चाक काढले" असे लिहिले. अण्णांनी विचारले, "कसे काढले?" आणि मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिले. त्या चाकाला चार-पाच नट नव्हते. मधोमध दोन कान असलेला एकच मोठा नट होता. त्याच्या कानावर तांब्याच्या हातोडीने ठोके दिले, की तो सुटे. तांबे मऊ, म्हणून नटाला इजा होत नसे. डाव्या बाजूच्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे मात्र एकमेकांच्या उलट होते. "असं का, सांग बघू," उस्ताद म्हणाले. मी गप्प. तेव्हा त्यांनीच चाक फिरवून दाखविले. मोटार पुढे धावू लागली की फिरत्या चाकाने नट सैल न होता आवळलेलाच राहावा, अशी ती योजना होती. त्या रात्री माझे पान भरून दुसऱ्या पानावर दोन ओळी गेल्या.

इंजिन लहानसेच होते; १२५० घनसेंटिमीटरांचे, चार सिलिंडरांचे. उस्तादांनी ते पुरते उलगडले. चटईवर जुने धोतर अंथरून त्यावर एकेक भाग ओळीने मांडला. तो ओळीचा क्रम राखण्याचे काम माझ्याकडे होते. झिजलेले भाग उस्ताद लेथवर नव्याने घडवून आणीत. श्रावण सरला, गणपती आले आणि गेले, आणि आता काम होत आले असे वाटत असतानाच खरे संकट उभे राहिले.

उस्ताद दाराजवळचा पत्रा ठोकून पाहत होते. एका ठिकाणी 'ढब' असा पोकळ आवाज आला. त्यांनी पत्रा उचकटला आणि आतून भुसा गळू लागला. तेव्हा मला कळले, की या मोटारीच्या देखण्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. अॅश नावाच्या झाडाचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. विलायतेत हत्यारांचे दांडे त्याचेच करतात. त्याच लाकडाचा हा सांगाडा होता आणि तो पावसाने कुजून गेला होता. इंजिन सुरू झाले असते. पण बसायला मोटार उरली नसती. दारे-खिडक्या करणाऱ्या सुतारांनी तो बाक पाहून हात जोडले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "राहू दे, उस्ताद. तुम्ही पुष्कळ केलेत." उस्तादांनी उत्तर दिले नाही. ते सायकल काढून थेट सतारमेकर गल्लीत गेले आणि तंबोरे करणाऱ्या आपल्या एका वृद्ध स्नेह्यांना घेऊन आले.

त्या कारागिरांनी कुजलेला तुकडा हातात घेऊन बोटाने त्याचा बाक चाचपला. "दरवाजा करणाऱ्याला सरळ रेघ लागते," ते हसून म्हणाले, "आमचं सगळं कामच बाकाचं." मुरलेले सागवान निवडताना ते प्रत्येक फळीवर टिचकी मारीत आणि कान देऊन ऐकत. तीन आठवड्यांत त्यांनी सांगाड्याचे कुजलेले भाग असे घडवून दिले, की सांध्यात कागदसुद्धा शिरू नये. मजुरीचे विचारले तेव्हा म्हणाले, "मोटार चालू झाली की एकदा मिरासाहेबांच्या दर्ग्यापर्यंत फिरवून आणा."

शेवटचे काम मला आजही कानात ऐकू येते. त्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पुरविणारे कार्बोरेटर दोन होते. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. नाही तर इंजिन अडखळते. ते मोजायला आमच्याजवळ यंत्र कुठले? उस्तादांनी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरले, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी नेले आणि आतली फुसफुस ऐकली. मग दुसऱ्याची ऐकली. बारीक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा ऐकली. तंबोरेवाले शेजारी उकिडवे बसून हे पाहत होते. ते एकाएकी उद्गारले, "अरे, ही तर जोडीची जुळणी!" तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जात मिळवाव्या लागतात, त्यांना जोडी म्हणतात. उस्तादांनी नळी माझ्या हाती दिली. "बाळ, तुझे कान कोवळे. दोन्ही सारखे झाले का सांग." मी डोळे मिटून ऐकले. एक आवाज किंचित तीव्र होता. मी तसे सांगितले. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला, आणि दोन आवाजांचा एक आवाज झाला.

वसुबारसेच्या संध्याकाळी मोटार अंगणाबाहेर पडली. पहिल्या फेरीला डॉक्टरसाहेबांशेजारी उस्ताद बसले. दुसऱ्या फेरीत ठरल्याप्रमाणे तंबोरेवाले दर्ग्यापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या फेरीत माझी पाळी आली. माझ्यासमोरच वेगाची तबकडी होती. चालविणाऱ्यापुढे मात्र इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, हे दाखविणारी तबकडी! मला त्याचे नवल वाटले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "वेग पाहायला तू आहेस. मला इंजिनाची नाडी सांभाळली पाहिजे." काटा तीस मैलांपाशी थरथरत होता. आजच्या मुलांना तो वेग हसण्यासारखा वाटेल. पण त्या मोटारीचा नटन्‌नट मला ओळखीचा होता. नुसता वेग मी आगगाडीतही अनुभवला होता. हा आनंद निराळा होता.

डॉक्टरसाहेब मिरजेतच राहिले. चार वर्षांनी ते निवर्तले, तेव्हाही मोटार भंगारात गेली नाही. मुंबईच्या एका शौकिनाने ती नेली. उस्तादांनी त्याला दोन तास समोर बसवून कोणता आवाज म्हणजे काय, हे समजावून सांगितले आणि मगच किल्ली त्याच्या हाती दिली.

पुढे मी अशा मोटारींविषयी मिळेल ते वाचीत गेलो. एमजी ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावातील आहेत. ऑक्सफर्डच्या त्या गॅरेजांचा मालक विल्यम मॉरिस याने आरंभी सायकली दुरुस्त केल्या होत्या. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योगही १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरू झाला, हे वाचून मला उस्तादांची आठवण आली. मॉरिसच्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मोटारींना नवे रूप देता देता एमजी मोटारी निर्माण केल्या. टीसी मोटार १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजारच झाली. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात विल्यम लायन्सने जॅग्वार एक्सके १२० ही मोटार मांडली. हा लायन्स मूळचा मोटारसायकलींच्या बाजूगाड्या करणारा. १९४९ साली बेल्जममधील याब्बेके येथे त्या मोटारीने ताशी २१० किलोमीटरांहून अधिक वेग गाठून दाखविला. १९६१ सालच्या जॅग्वार ई-टाइपचा आकार पाहून लोक अजूनही थबकतात. तो माल्कम सेयरने ठरविला. सेयरने आधी विमानांच्या कारखान्यात काम केले होते. वारा कसा वाहून जाईल, याचे गणित मांडून तो वळणे काढीत असे. पुढे एकदा मुंबईत जुन्या मोटारींच्या फेरीत मी एक्सके १२० प्रत्यक्ष पाहिली. सगळे तिच्या रंगाची छायाचित्रे घेत होते. मी मात्र कान देऊन तिच्या इंजिनाचा ताल ऐकत होतो.

आरंभी मला भुरळ पडली होती ती तांबड्या रंगाची आणि उंच चाकांची. नुसती भुरळ असती, तर ती दुसरी चकचकीत मोटार दिसताच ओसरली असती. परंतु ती मोटार मी उलगडलेली पाहिली, तिचे दुखणे पाहिले, ते दूर करणारे हात पाहिले आणि रोज रात्री ते शब्दांत मांडताना मला ती पुन्हा कळली. मराठीची गोडी मला पुस्तकांआधी त्या वहीनेच लावली. जी वस्तू आपल्याला कळते, तिच्यावरचे प्रेम टिकते.

२०२१ साली आपल्या सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. हे चांगलेच झाले. परंतु मोटार नोंदणीने जिवंत राहत नाही; तिच्यात काय बिघडले, हे ऐकून ओळखणारा कान आणि ते दुरुस्त करणारा हात पिढ्यान्‌पिढ्या असावा लागतो. म्हणून मुलांनो, तुमच्या घरातील शिवणयंत्र, शेतावरचा पंप किंवा तुमची सायकल कुणी जाणता माणूस उघडीत असेल, तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसा. काढलेले भाग क्रमाने मांडून ठेवण्याचे काम मागून घ्या. आणि रात्री, जे पाहिले ते एक पानभर लिहून काढा.