तर, मग आणि पुढे

तुम्ही काय करता, असे माढ्यात कोणी विचारले म्हणजे मी थोडा चाचरतो. अडत्या, वकील, मास्तर यांचे बरे असते. एका शब्दात भागते. मी पडद्यावरची बटणे करतो, असे सांगितले की समोरचा गृहस्थ आधी माझ्या सदऱ्याकडे पाहतो.

पण खरोखरच मी बटणे करतो. इंटरनेटवरच्या अ‍ॅपमध्ये तेच ते भाग फिरून फिरून लागतात : बटण, मजकुराची चौकट, यादी, सूचनेची पट्टी. प्रत्येक पानासाठी ते नव्याने घडवणे म्हणजे प्रत्येक पंगतीला नवी चूल मांडणे. म्हणून ते एकदाच नीट घडवतात आणि हवे तेथे बसवतात. ट्विटरमधल्या मंडळींनी २०११ साली ‘बूटस्ट्रॅप’ आणि गूगलने २०१४ साली ‘मटेरियल डिझाइन’ लोकांपुढे ठेवले, ते याच विचाराने. या भागांना रंगरूप देते ती थीम. मुख्य रंग कोणता, अक्षर केवढे, ओळीची उंची किती, हे सारे तिच्यात एका जागी लिहिलेले असते. बटणाला निळा की हिरवा हे ठाऊक नसते. त्याला फक्त ‘मुख्य रंग’ हे नाव ठाऊक. त्या नावापुढचा निळा पुसून हिरवा लिहिला, की शंभर पाने एका क्षणात हिरवी होतात. हा चमत्कार पहिल्यांदा साधला त्या रात्री मी उगीचच दहा-बारा वेळा रंग बदलून पाहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगे रंगवणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली होती.

पुढे शेतकऱ्यांसाठी पिकांची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपचे काम आले. माडीवर बसून मी त्याची थीम केली. सडपातळ बटणे, बारीक अक्षरे, पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर. दिसायला मोठी देखणी! काम देणारे खूश झाले. मराठी शब्द सर्वांत शेवटी आले. ते मी तयार चौकटींत ओतले आणि मोकळा झालो.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी अण्णा ओट्यावर तोच फोन हातभर लांब धरून बसलेले दिसले.

“हे ‘तर’ कसलं पीक रं?”

“तर नाही अण्णा, तूर.”

“आन् हे ‘मग’?”

“मूग.”

“तर... मग... पुढं काय?”

मी मोठ्याने हसलो. फोन हातात घेतला आणि हसू जागच्या जागी थिजले. ओळीची उंची मी रोमन अक्षरांच्या बेताने ठेवली होती. खाली लोंबणारा उकार तिच्यात मावत नव्हता आणि चौकट तो निमूटपणे छाटून टाकीत होती. गव्हाचा ‘गह’ झाला होता, ‘पुढे’च्या बटणावर ‘पढे’ उरले होते. आणि नोंदीची शेवटची तारीख सांगणारी फिकट ओळ तर अण्णांना दिसलीच नव्हती.

“आठ दिस झालं खटपट करतोय,” ते म्हणाले. “चौथी शिकल्याला मानूस मी. म्हटलं, मलाच वाचाय येईना झालंय.”

त्यांनी मला बोल लावला असता तर बरे झाले असते. त्यांनी तो स्वतःला लावला होता.

त्या रात्री मला आजोबा आठवले. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते आणि बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी सांगत. अडीच फूट रुंदीची ती गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याने मालडब्यांचे सांगाडे सगळे २५ फुटांचे, एकाच घडणीचे केले. वरचा थाट कोणताही असो. खालचा भाग तोच. आमच्या धंद्याला हा गृहस्थ फार शोभला असता! पण त्याचा खरा शहाणपणा आणखी खाली होता. एका आसावर ५ टनांहून अधिक भार नको, हे त्याने आधी ठरवले. कारण रूळ हलके होते. माप डब्याच्या थाटावरून नव्हे, रुळाच्या ताकदीवरून घेतले होते. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. हिशेब मात्र जुना झालेला नाही.

मी माप घेतले होते ते माझ्या तिशीतल्या डोळ्यांवरून. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असा वेबचा सर्वमान्य दंडक आहे. माझे ३ लाही पोचत नव्हते. मी ओळ उंच केली, बटणाची बांधलेली उंची मोकळी सोडली, राखाडी रंग गडद केला. तीन ओळींची दुरुस्ती. आणि पानोपानी छाटलेले उकार पानोपानी परत आले. ज्या सोयीने माझी चूक शंभर ठिकाणी पोचवली होती, तिनेच दुरुस्तीही पोचवली. सोयीला बिचारीला दोन्ही सारखेच.

नवी थीम सगळीकडे पोचल्यावर मी फोन पुन्हा अण्णांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचले, “तूर. मूग. गहू.” मग किंचित हिरमुसून म्हणाले, “‘तर, मग’ गेलं व्हय? ते बी झ्याक हुतं की.”

आणि मला न विचारता त्यांनी ‘पुढे’ दाबले.