चि. मृण्मयीस, लेबर फ्लोअरवर जाण्याआधी

कोल्हापूर

चि. मृण्मयी,


१ जुलैपासून तू फिलाडेल्फियात रेसिडेन्सी सुरू करणार, तीही माझ्याच विषयात, प्रसूतिशास्त्रात. पेढे वाटून झाले, तुझ्या आईचं स्टेटस सगळ्या गावाने पाहून झालं, आता जरा कामाचं बोलते. परवा फोनवर ऑब्झर्वरशिपच्या गप्पा मारताना तू सहज म्हणालीस, "इथल्या ब्लॅक पेशंट मुळातच हाय रिस्क असतात गं मावशी. बीपी, वजन, सगळंच." मग विषय व्हिसावर गेला. मला ते वाक्य खटकलं. तेव्हाच बोलले असते तर आपलं वाजलं असतं, म्हणून लिहिते. तू हे कुणा सीनियरकडून उचललंस हे मला कळतं. वाक्यं अशीच उचलली जातात, राउंडवर, चहा पिता पिता, आणि मग जन्मभर जिभेवर राहतात.

आधी आकडे. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, कृष्णवर्णीय ५०.३, आशियाई वंशाच्या १०.७. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ होता. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत, दोन्ही आकडे शेजारी मांडून पैज लावू नये, हे मान्य. तरीही मेळघाट आणि नंदुरबार पोटात घेऊन आपण ३३ वर, आणि आरोग्यावर जगात सर्वांत जास्त पैसा ओतणाऱ्या देशातला एक समाज पन्नाशीत, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं. त्याच देशाच्या मातामृत्यू समित्यांनी २०१७ ते २०१९ मधले मृत्यू एकेक केसपेपर काढून तपासले. त्यांच्या मते पाचातले चार टाळता आले असते.

आता तुझं 'मुळातच'. रक्तातच काही असेल, तर ते आफ्रिकेतून थेट आलेल्या बाईत सर्वांत जास्त असायला हवं, नाही का? रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोघांनी हेच तपासलं. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी घेऊन त्यांनी बाळांच्या वजनाची तुलना केली: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया, आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या आया. आफ्रिकेतून आलेल्यांच्या बाळांची वजनं गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ जाणारी निघाली. १९९७ साली हे छापून आलं. पुढे त्यांनी अशा स्थलांतरितांच्या मुलींची बाळंतपणं पाहिली, तर एका पिढीत वजन घसरलेलं. गुणसूत्रं एका पिढीत बदलत नाहीत, पत्ता बदलतो.

त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, आर्लिन जेरोनिमस यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली होती. गोऱ्या बायकांत विशीतलं बाळंतपण किशोरवयापेक्षा सुरक्षित, हे आपण पाठच केलेलं. कृष्णवर्णीय बायकांत मात्र वय वाढेल तसं बाळांचं भवितव्य बिघडत जात होतं. त्यांचं म्हणणं असं की, सततची धास्ती, पदोपदीचा अपमान, घरभाड्यापासून पोलिसांपर्यंतची रोजची झुंज यांनी शरीर वयाआधी झिजतं, रक्तवाहिन्यांसकट. म्हणजे तुझ्या त्या सीनियरला दिसलेलं बीपी खरं आहे. ते कुठून आलं, हे त्याने विचारलं नाही एवढंच.

गरिबीचं उत्तरही अर्धंच पुरतं. पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा गरोदरपणाशी निगडित कारणाने मरण्याचा धोका पदवीधर गोऱ्या बाईच्या ५.२ पट आहे, असं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीनेच, २०१९ मध्ये मांडलं. आणि ज्या सीडीसीने हे मांडलं, तिथेच शालॉन आयर्विंग नोकरीला होत्या. साथरोगतज्ज्ञ, दोन विषयांत डॉक्टरेट, अभ्यासाचा विषय हाच, की विषमता माणसाच्या आरोग्याचं काय करते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचं सिझेरियन झालं. मग रक्तदाब चढू लागला, पाय सुजला, वजन वाढलं. त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या. शेवटच्या खेपेलाही गोळी लिहून देऊन घरी पाठवलं. त्याच रात्री त्या कोसळल्या आणि काही दिवसांत गेल्या. वय ३६, मुलगी तीन आठवड्यांची. तू आणि मी बाळंतिणीच्या बीपीबद्दल जे जे सांगू, ते त्या बाईला आधीच माहीत होतं.

सेरेना विल्यम्सची गोष्ट तू बातमी म्हणून वाचली असशील. मी ती केस म्हणून वाचायला सांगते. सप्टेंबर २०१७, इमर्जन्सी सिझेरियन. पूर्वी फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, त्यामुळे रक्त पातळ करणारं औषध चालू असे, ते शस्त्रक्रियेसाठी थांबवलेलं. दुसऱ्या दिवशी दम लागला. तिने खोलीबाहेर जाऊन सिस्टरला सांगितलं, मला सीटी स्कॅन आणि हेपॅरिन हवं आहे, लगेच. आता सांग, रोगनिदान, तपासणी आणि उपचार तिन्ही एका वाक्यात सांगणारी पेशंट आपल्याला किती वेळा भेटते? सिस्टरला वाटलं, वेदनाशामकाने बाई भरकटली आहे. डॉक्टर आले, त्यांनी पायांची सोनोग्राफी केली. त्यात काही निघालं नाही. तिने पुन्हा सीटीच मागितला. शेवटी केला, तर फुप्फुसांत लहान लहान गुठळ्या. खोकून खोकून सिझेरियनचे टाके उकलले होते, पुढे पोटात रक्त साठलं, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. ती वाचली. तेवीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बाईला एक स्कॅन मिळवायला एवढं भांडावं लागलं, तर आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या, शिफ्ट बुडवून आलेल्या बाईला काय करावं लागत असेल?

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चार गुणिले शंभर मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलेल्या चार अमेरिकी बायका आठव. ॲलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये प्रीएक्लॅम्प्सिया होऊन ३२ व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. टियाना मॅडिसनचं बाळ २६ व्या आठवड्यात आलं, ती स्वतः मरता मरता वाचली. शेवटचा टप्पा धावलेली टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी मृत सापडली. शवविच्छेदनात एक्लॅम्प्सियाची शक्यता नोंदवली गेली. चारांतल्या तिघी, जगातल्या सर्वांत तंदुरुस्त बायकांपैकी. यांना 'लाइफस्टाइल' कुठे चिकटवायची?

माझं म्हणणं एवढंच आहे: बाई 'मला काहीतरी होतंय' म्हणते तिथपासून वॉर्ड हलतो तिथपर्यंत जो वेळ जातो, त्यात हा फरक भरलेला आहे. झीज असेल, आधीचं बीपी असेल, विम्याची भानगड असेल, पण लेबर फ्लोअरवर तुझ्या हातात येतो तो तेवढाच वेळ. म्हणून मला तोच महत्त्वाचा वाटतो.

तो वेळ का लांबतो, याचा एक भाग आपल्या ट्रेमध्येच पडलेला असतो. सिम्स स्पेक्युलम. माझी उभी हयात ते हातात धरण्यात गेली. इंटर्न असताना मला कोणी सांगितलं नाही की, मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत गुलाम बायकांवर, भूल न देता, शस्त्रक्रिया करून आपलं तंत्र बसवलं. अडलेल्या बाळंतपणाने मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत गळणाऱ्या त्या मुली. अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी ही तीन नावं त्याच्याच लिखाणात आहेत. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. मॉन्टगोमेरीत २०२१ पासून त्या तिघींचं शिल्प उभं आहे, मिशेल ब्राउडर या कलावतीने केलेलं. तुला कधी दक्षिणेत जायला मिळालं तर बघून ये.

'ह्यांना दुखत नाही' हा समज तेव्हाचा आहे आणि तो मेलेला नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट्सना काही विधानं दिली, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते वगैरे. जवळपास निम्म्यांनी त्यातलं एक तरी खोटं विधान खरं मानलं. असे समज असलेल्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही चुकवले. तेव्हा तुझ्या आत्ताच्या वयाच्या आसपासची मुलं ही.

समज यंत्रातही शिरतो. आधीच्या सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपण जमेल का, याची टक्केवारी काढणारा एक कॅल्क्युलेटर अमेरिकेत २००७ पासून वापरात होता. त्यात विचारायचे, आफ्रिकन अमेरिकन आहे का, हिस्पॅनिक आहे का. हो म्हटलं की यशाची शक्यता खाली. म्हणजे ज्यांची आधीच जास्त सिझेरियन होतात, त्यांना पुन्हा सिझेरियनकडे ढकलायला गणिताचा शिक्का. अशा सूत्रांवर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये बोट ठेवणाऱ्यांत दर्शाली व्यास होती, तेव्हा रेसिडेंट. २०२१ मध्ये तो प्रश्नच काढून टाकला. रेसिडेंटला कोण विचारतं, असं मला सांगू नकोस.

आणि हो, आपण फार निर्मळ आहोत असं समजून जाऊ नकोस. मी ज्या लेबर रूममध्ये शिकले, तिथे कळांनी ओरडणाऱ्या बाईला 'तेव्हा नाही ओरडलीस ती?' म्हणायची रीत होती. पण सगळ्यांना नाही. तांड्यावरून, पारधी वस्तीवरून आलेल्या बाईला म्हणायचे; मास्तरांच्या सुनेला 'ताई, जरा दम धरा.' कागदावर जात लिहिलेली नसायची, पण लुगड्यावरून, बोलीवरून सगळ्यांना कळायची. तू तिथे रंग शिकशील, पण कान इथूनच तयार होऊन गेलेले आहेत. तुझ्या १०.७ वरही फार विसंबू नकोस. 'आशियाई' या एका डब्यात सगळे कोंबले की आतलं दिसत नाही. भारतीय वंशाच्या बायकांत गरोदरपणातला मधुमेह तिथे सर्वांत जास्त आढळणाऱ्यांत आहे, आणि शिक्षण, पगार सगळं चांगलं असूनही आपली बाळं हलकी भरतात.

उपाय आहेत, आणि ते भाषणांचे नाहीत. कॅलिफोर्नियात २००६ पासून हॉस्पिटलं एकत्र येऊ लागली आणि पुढे त्यांनी बाळंतपणातल्या रक्तस्रावाचं काम हातात घेतलं. प्रत्येक मजल्यावर एक गाडी, तिच्या कप्प्यांत औषधं, बलून, टाक्यांचं सामान, ठरलेल्या जागी. आणि रक्त डोळ्यांनी अंदाजायचं नाही, तोलायचं. भिजलेले पॅड, चादरी काट्यावर ठेवायच्या, कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅमला एक मिलिलीटर. तू हसशील, पण आपण सगळे 'दोन-तीनशे गेलं असेल' म्हणणारे, आणि तो अंदाज बहुधा कमीच निघतो. काट्याला बाईचा रंग दिसत नाही, तिच्या ओरडण्याचा रागही येत नाही. आकडा ठरलेल्या रेषेपुढे गेला की कुणाला बोलवायचं ते आधीच ठरलेलं. त्या राज्याचा मातामृत्यू दर सात-आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. रक्तस्रावातल्या गंभीर गुंतागुंतीत गोऱ्या-काळ्यांमधलं अंतरही कमी झालं. मिटलं नाही.

बाळंतपणानंतरचं एक लक्षात ठेव. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त तिथे बाळंतपणाच्या सातव्या दिवसापासून वर्षापर्यंत होतात, आणि मेडिकेड हा सरकारी विमा मात्र साठाव्या दिवशी बंद व्हायचा. २०२१ च्या कायद्याने राज्यांना तो वर्षभर वाढवता आला, तुझ्या पेनसिल्व्हेनियाने २०२२ मध्ये वाढवला. डिस्चार्जच्या वेळी बाईला हे माहीत आहे का, ते तूच विचार. सव्वा महिना तिच्या उशाशी बसायला तिची आई बहुतेक नसणार.

तुझ्या नव्या गावची, फिलाडेल्फियाची, एक गोष्ट. आनंदीबाई जोशींचं कॉलेज तुला पाठ आहे, वुमन्स मेडिकल कॉलेज, १८८६. त्याच कॉलेजातून १८६७ मध्ये रिबेका कोल बाहेर पडल्या, अमेरिकेतल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन त्यांनी गरोदर बायकांना शिकवलं. पुढे क्षयाने काळी माणसं जास्त मरतात ती अज्ञानामुळे, असा सूर निघाला, तेव्हा त्यांनी लिहून विरोध केला: गोरे डॉक्टर या रुग्णांची पूर्ण हकीकतच टिपून घेत नाहीत. एकोणिसाव्या शतकातली तक्रार आहे. आनंदीबाईंचे कागद बघायला ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जाशीलच, तेव्हा कोलबाईंचंही विचार.

रेसिडेंटला एखाद्या क्वालिटी प्रोजेक्टमध्ये हात घालावाच लागतो असं तू म्हणालीस. तर हा घे: बीपी १६०/११० वर टिकून असल्याचं दिसल्यापासून लॅबेटॅलॉलचा किंवा निफेडिपिनचा पहिला डोस पोटात किंवा शिरेत जाईपर्यंत तुमच्या मजल्यावर किती मिनिटं लागतात. नियम तीस ते साठचा आहे. मिनिटं सगळ्यांची एकत्र काढू नकोस, गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी, आपल्यासारख्यांची वेगळी काढ. रात्रपाळीची आणि शनिवार-रविवारची तर नक्कीच वेगळी. नोंदी कॉम्प्युटरमध्ये असतात, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. गाइड कोण मिळतोय ते कळव, आणि त्याने 'आपल्याकडे असं काही नाही' म्हटलं तर तेही कळव.

तुझी,
शैलामावशी